इंदूरचा खड्डा आणि सेवाग्रामची शाळा

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा त्या दिवशी बंद असतात. शाळा उघडल्यावर सवडीने एखादा दिवस ठरतो, घोषणा फळ्यावर लिहिल्या जातात, रोपे लावली जातात. पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावली जातात. हे चित्र शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

शाळेतल्या पर्यावरण शिक्षणाचा इतिहास सांगताना साधारणपणे १९७२ची स्टॉकहोम परिषद, १९७७ची तिबिलिसी परिषद, १९८७चा ब्रुंटलंड अहवाल आणि आपल्याकडचा १९९१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अशी पायरी पायरी चढत आपण आजपर्यंत येतो. हा इतिहास खरा आहे. पण तो परिषदांचा आणि आदेशांचा आहे. आम्हाला येथे जो इतिहास सांगायचा आहे तो त्याहून जुना आहे, त्याचा बराच भाग महाराष्ट्रात घडला आहे, आणि त्याची सुरुवात इंदूरच्या एका खड्ड्यापासून होते.

आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला. बिहारमधील पुसा येथे सरकारने नुकतीच मोठी कृषी संशोधन संस्था काढली होती. हॉवर्डने तेथे गव्हाचे नवे वाण तयार केले आणि त्यांचा प्रसारही चांगला झाला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीदेखील वनस्पतिशास्त्रज्ञ होती. दोघांचे बरेचसे काम एकत्रच झाले. परंतु पुशात त्याला एक गोष्ट सतत खटकत राहिली. पिकाचे वाण एका खात्याकडे, बुरशी दुसऱ्याकडे, किडी तिसऱ्याकडे, मातीचे रसायन चौथ्याकडे. रोप मात्र एकच! शेतकऱ्याच्या शेतात ही सगळी खाती एकाच वेळी एकाच रोपावर काम करत असतात, हे खात्यांना कोणी सांगायचे? (आपल्या शाळेच्या वेळापत्रकाची आठवण कोणाला झाल्यास तो योगायोग समजू नये.)

म्हणून १९२४ साली इंदूरला होळकर संस्थानाच्या जमिनीवर नवी संस्था उभी राहिली, तेव्हा हॉवर्डने ती आपल्या मनासारखी घडवली. पैसा कापूस समितीचा आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांचा होता, त्यामुळे मुख्य पीक कापूस. पण कापूस सुधारायचा तर आधी जमीन सुधारली पाहिजे आणि जमीन सुधारायची तर खत पाहिजे. खत आणायचे कोठून? विकतचे रासायनिक खत त्या काळच्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, उसाचे पाचट हे शेतातले पदार्थ बव्हंशी जाळले जात. हॉवर्डने एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाचे १९११ साली प्रसिद्ध झालेले चीन, कोरिया व जपानच्या शेतीवरील पुस्तक वाचले होते. त्या देशांतला शेतकरी कुठलाही सेंद्रिय पदार्थ वाया न घालवता शतकानुशतके त्याच जमिनीत पीक घेतो, हे त्यातून त्याला पटले होते. प्रश्न होता तो त्या अनुभवाला मोजमापाचा आधार देण्याचा.

येथे एका मराठी नावाचा उल्लेख केला पाहिजे. इंदूरच्या संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक यशवंत वाड होते. खड्ड्यातल्या पदार्थांत कर्ब किती, नत्र किती, ओल किती, तापमान किती, याची मोजणी करून पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावरचे जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. पुढे जगाने हॉवर्डला सेंद्रिय शेतीचा आद्य प्रवर्तक म्हणून डोक्यावर घेतले. वाडांचे नाव मात्र त्यांच्या स्वतःच्या भाषेतही फारसे कोणाला ठाऊक नाही.

'इंदूर पद्धती' म्हणून जी ओळखली जाते ती तशी साधी आहे. वाळलेला आणि हिरवा काडीकचरा मिसळून तो रात्री गोठ्यात जनावरांखाली पसरायचा. सकाळी तो शेणामुताने भिजलेला असतो. त्यात थोडी राख, थोडी गोठ्यातली मूत्र मुरलेली माती घालायची आणि उथळ खड्ड्यात सैलसर थर द्यायचे. वर शेणकाल्याचा शिडकावा करायचा, आणि या काल्यात आधीच्या, चांगल्या कुजू लागलेल्या खड्ड्यातले थोडे खत कालवायचे. दुधाला विरजण लावावे तसेच हे! पऱ्हाट्यांसारख्या कठीण काड्या लवकर कुजत नाहीत. त्या संस्थेच्या रस्त्यांवर अंथरून ठेवत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. खड्डा साधारण दोन आठवड्यांनी एकदा, एका महिन्याने दुसऱ्यांदा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग रचायचा.

आमचे काम मातीतल्या सूक्ष्मजीवांशी संबंधित असल्यामुळे या ढिगाबद्दल थोडे अधिक बोलण्याचा मोह आवरत नाही, आणि शिक्षकांना वर्गात त्याचा उपयोगही होईल.

ढीग रचल्यावर दोनतीन दिवसांत त्यात हात घालून पाहावा. तो गरम लागतो. ही ऊब कोठून येते? सूक्ष्मजीव कर्बयुक्त पदार्थ खातात, श्वसन करतात आणि त्या श्वसनात उष्णता बाहेर पडते. आपल्या शरीरातही तेच घडते. ढिगात ती उष्णता कोंडून राहते. सुरुवातीला मध्यम तापमानात वाढणारे जीवाणू काम करतात. तापमान साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते मागे पडतात आणि उष्णताप्रिय जीवाणू पुढे येतात. चांगल्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते. या उष्णतेत रोगजंतू, जंतांची अंडी आणि तणांचे बी यांचा बराचसा नाश होतो. मात्र त्यासाठी ढिगाचा प्रत्येक भाग काही दिवस तरी त्या उष्णतेत राहिला पाहिजे. ढीग वरखाली करायचा तो यासाठी, आणि आत हवा शिरावी यासाठीही. हवा संपली की वेगळ्याच प्रकारचे जीवाणू काम हाती घेतात, आणि मग सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो.

आता शाळेत जो प्रयोग हमखास फसतो त्याचे कारण पाहू. शाळेत बहुधा एखादी बादली किंवा लहानसा खड्डा घेऊन 'खत प्रकल्प' केला जातो. तो गरम होत नाही. एक मीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ एक घनमीटर आणि पृष्ठफळ सहा चौरस मीटर. आता अर्धा मीटर बाजूचा घन घ्या. घनफळ ०.१२५ घनमीटर, पृष्ठफळ १.५ चौरस मीटर; म्हणजे दर घनमीटरामागे बारा चौरस मीटर. बाजू निम्मी केली की उष्णता निसटून जायला दुप्पट वाट मिळते. लहान ढीग कुजतो, पण तापत नाही. आणि तापत नाही म्हणून त्यातले रोगजंतू व बी जिवंत राहते. भूमितीच्या पुस्तकातले हे गणित ढिगात तापमापी खुपसून ताडून पाहता येते, असे उदाहरण सहजी सापडत नाही.

दुसरे गणित कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाचे. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि शरीर बांधायला नत्र लागते. सुरुवातीच्या मिश्रणात हे प्रमाण साधारण ३०:१ असावे. खत पिकले की ते १०:१च्या आसपास येते, कारण मधला कर्ब वायू होऊन उडून गेलेला असतो. वाळलेल्या पाल्यात कर्ब सुमारे ४५ टक्के आणि नत्र पाऊण टक्का धरले तर प्रमाण ६०:१ येते. वाळल्या शेणात कर्ब ४० टक्के, नत्र २ टक्के धरले तर २०:१. दोन्ही दहा दहा किलो घेतले तर कर्ब साडेआठ किलो, नत्र २७५ ग्रॅम. प्रमाण जवळजवळ ३१:१. म्हणजे सारख्या वजनाचे मिश्रण चालेल. पण ताज्या शेणात पाचांपैकी चार भाग पाणी असते, तेव्हा दहा किलो वाळल्या शेणाऐवजी पन्नास किलो ताजे शेण आणावे लागेल. झाडांच्या जातीप्रमाणे आकडे बदलतील. आठवीच्या मुलांना हे गणित येते. शेण मिळत नसेल तर शालेय पोषण आहाराच्या भाज्यांची देठे, सालपटे आणि ओले हिरवे तण यांतून नत्र मिळते. नत्र जास्त झाले तर अमोनियाचा वास नाकात जातो आणि कर्ब जास्त झाला तर ढीग महिनोन्महिने आहे तसाच पडून राहतो. म्हणजे चूक कोठे झाली ते ढीगच सांगतो.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली. हॉवर्ड त्यापूर्वीच, १९३१ साली, निवृत्त होऊन मायदेशी परतला होता. गांधीजींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून या खताची माहिती लोकांपर्यंत पोहोचवली. ग्रामोद्योगाच्या त्यांच्या विचारात ही पद्धत चपखल बसत होती: बाहेरून काही आणायचे नाही, यंत्र नाही, भांडवल नाही, शिवाय गावाची घाण आणि शेताची भूक हे दोन प्रश्न एकाच खड्ड्यात सुटतात. पुढच्या वर्षी, एप्रिल १९३६ मध्ये, ते वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. (पत्रे वारंवार शेगावला जाऊ लागल्यामुळे १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले.)

आता शाळा. ऑक्टोबर १९३७ची २२ आणि २३ तारीख. मारवाडी शिक्षण मंडळाच्या वर्ध्यातील शाळेच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून राष्ट्रीय शिक्षणाची परिषद बोलावण्यात आली होती. त्या वर्षी अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती, त्यामुळे प्रश्न तातडीचा होता. मुंबईचे बाळासाहेब खेर आणि मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल आले होते. विनोबा, काका कालेलकर, रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि डॉ. झाकीर हुसेन हेही होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, ही कल्पना तेथे मान्य झाली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तेथेच हरकत घेतली: शाळेतल्या मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गावातल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल. ही हरकत आजही कोणी पूर्णपणे खोडून काढली आहे असे आम्हाला वाटत नाही.

झाकीर हुसेन समितीने त्याच वर्षी अभ्यासक्रम सादर केला. त्यातले वेळापत्रक मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला, संगीत, चित्रकला व गणित मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून तीस, शारीरिक शिक्षणाला दहा आणि मधल्या सुटीला दहा. विज्ञानाला समाजशास्त्रासह जेमतेम अर्धा तास! प्रथमदर्शनी हे विज्ञानाचे खच्चीकरण वाटेल. पण कल्पना अशी होती की विज्ञान त्या तीन तास वीस मिनिटांच्या आत यावे. सामान्य विज्ञानाच्या यादीत निसर्ग निरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन, आकाशातले तारे आणि शास्त्रज्ञांच्या गोष्टी हे सारे होते. आणि हस्तोद्योगांत शेती व बागकाम हाही एक पर्याय होता. शेत निवडले तर खड्डा ओघानेच येणार.

मध्य प्रांतात शुक्लांनी तर याच सुमारास 'विद्या मंदिर' योजना आणली. प्रत्येक शाळेला जमीन जोडून द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. जमिनीच्या प्रश्नांआधी वाद माजला तो 'मंदिर' या नावावरून. मुस्लिम लीगने त्यावर जोरदार हरकत घेतली. १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अशा योजनांमागचे राजकीय बळ सरले. शाळा आणि तिची जमीन यांच्या नात्याचा मोठ्या प्रमाणावर होऊ शकला असता असा एक प्रयोग, जमिनीचा गुणदोष कळण्याआधीच संपला.

सेवाग्रामला मात्र काम चालू राहिले. हिंदुस्थानी तालीमी संघ १९३८ साली स्थापन झाला. सिलोनमधून आलेले आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी तेथील शाळा उभी केली. १९४२च्या आंदोलनात खंड पडला, पण १९४५च्या परिषदेत 'नई तालीम'ची व्याप्ती वाढवून बालवाडीपासून प्रौढांपर्यंत नेण्यात आली. पुढे उत्तर बुनियादीची मुले निवासी राहू लागली. स्वयंपाक, सफाई, शेती, भाजीपाला, कापूस ते कापड, हिशेब हे सगळे त्यांच्याकडे. आपल्याला सकस आहार मिळायचा तर काय पिकवावे लागेल, किती पिकवावे लागेल, हा प्रश्न तेथे स्वाध्यायातला नव्हता, रात्रीच्या जेवणाचा होता. मार्जोरी साइक्स या इंग्रज शिक्षिकेने १९४९ नंतर बरीच वर्षे तेथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केले आणि सेवाग्रामच्या पन्नास वर्षांची हकीकत १९८८ साली पुस्तकरूपाने लिहिली. इतिहासात रस असलेल्या शिक्षकाने ती अवश्य मिळवून वाचावी.

याच वर्तुळातले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी चाळीसच्या दशकात तुरुंगात असताना स्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. निसर्गातल्या संपत्तीचे त्यांनी दोन भाग केले. कोळसा, खनिज तेल, धातू ही साठ्याची संपत्ती. काढली की कमी होते. पाऊस, वाहते पाणी, वाढते रान ही प्रवाहाची संपत्ती. जपून घेतली तर घेत राहता येते. ब्रुंटलंड अहवालाने 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वतोमुखी केला, त्याच्या चार दशके आधी वर्ध्याजवळ बसून हा माणूस हे मांडत होता. खताचा खड्डा म्हणजे कुमारप्पांच्या विचाराची शाळेच्या आवारात बसणारी आवृत्ती होय.

मग हे सगळे गेले कोठे?

पहिले कारण आमच्या मते मोजण्याच्या सोयीचे आहे. हस्तोद्योगातून शिक्षण म्हटल्यावर प्रत्यक्षात बहुतेक शाळांत आली ती टकळी आणि सूतकताई. सूत मोजता येते. मुलाने किती तार कातले, किती गुंड्या झाल्या, त्यांची किंमत किती, हे तपासनिसाला वहीत दिसते. खताचा ढीग तीन महिने घेतो, मधे सुट्या येतात आणि खत झाल्यावर त्याची किंमत लगेच नाही, पुढच्या पिकात दिसते. मुलाच्या नावावर काय मांडायचे? शिक्षण खात्याला जे मोजता येते तेच शाळेत टिकते. टकळी टिकली, तीही पुढे पुढे कापसावाचून.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बुनियादी शाळा निघाल्या त्या मुख्यतः खेड्यांत. शहरातल्या शाळा पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या आणि नोकऱ्या त्याच शाळांतून मिळत राहिल्या. खेड्यातल्या आईबापांना हे समजायला कोणत्याही समितीची गरज नव्हती. माती आम्ही पिढ्यान्पिढ्या उपसली, आता पोरांनी शाळेतही तेच करायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बुनियादी शिक्षणाची पाहणी करण्यासाठी जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली १९५५-५६ मध्ये समिती नेमली गेली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) मोठे गमतीचे वाक्य मांडले. त्याचा आशय असा, की बुनियादी शिक्षणाची तत्त्वे इतकी महत्त्वाची आहेत की ती शिक्षणाच्या सर्वच टप्प्यांना लागू व्हावीत, म्हणून कोणत्याही एका टप्प्याला ते नाव देऊ नये. अशा रीतीने सन्मानपूर्वक नाव गेले. मागे उरला तो 'कार्यानुभव', आणि १९७७च्या ईश्वरभाई पटेल समितीनंतरचे 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. त्याचा अर्थ शाळाशाळांतून खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले असा कसा झाला, हे वाचकांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

तिसरी गोष्ट जातीची. आणि ती टाळून शाळेतल्या स्वच्छतेबद्दल किंवा खताबद्दल बोलणे हा अप्रामाणिकपणा होईल. कुजणाऱ्या वस्तूंना हात कोणी लावायचा, हे आपल्या समाजात जन्माने ठरलेले होते. गावाबाहेर टाकलेली घाण उचलणारी माणसेही गावाबाहेरचीच. सेवाग्रामला सफाई सर्वांनी पाळीपाळीने करायची, हा नियम म्हणूनच नुसता आरोग्याचा नव्हता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हाच धागा उचलला. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले म्हणून उपोषण केले आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांना साथ दिली. १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. मैला हाताने उचलावाच लागू नये, जागच्या जागी मातीपाल्यात कुजून त्याचे सोनखत व्हावे, असे संडास तेथे त्यांनी घडवले. इंदूरलाही जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतल्या घाणीवर ही पद्धत कशी वापरता येईल याचे प्रयोग १९३४ साली प्रसिद्ध केले होते, आणि बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी १९३९च्या सुमारास ढीग पुन्हापुन्हा न पालटता खत करण्याची निराळी पद्धत बसवली. डिसेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीत, मीराबेनच्या प्रेरणेने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली.

पण याच काळात डॉ. आंबेडकर वेगळे काही सांगत होते. काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या १९४५च्या पुस्तकात त्यांनी भंगीकामाच्या गौरवावर कठोर टीका केली. ज्याच्या माथी ते काम लादले गेले आहे त्याला ते पवित्र आहे असे सांगणे ही त्याची थट्टा आहे, असा तिचा रोख होता. आम्हाला हा मुद्दा बिनतोड वाटतो. आणि तो शाळेत रोज उभा राहतो. वर्गातली कोणती मुले झाडू धरतात? शाळेतले संडास कोणाकडून धुवून घेतले जातात? 'स्वच्छता मॉनिटर' कोण, आणि पाहुण्यांना गुलाब देणारी मुलगी कोण? पटवर्धनांनी मैला कुजवण्याचे तंत्र सुधारले, कारण माणसाने मैला उचलू नये म्हणून. तो उचलण्यात काही मोठेपणा आहे म्हणून नव्हे. हा फरक शिक्षकाला स्पष्ट नसेल तर खताचा खड्डा न काढलेलाच बरा. तसेच शाळेच्या ढिगात मानवी मैल्याला अजिबात स्थान नाही; आत तापमान पोहोचले की नाही याची खात्री मुलांकडून घेता येत नाही. ढिगासाठी पाला, तण, शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा पुरेसा आहे. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने यावी आणि त्यात शिक्षकांचीही नावे असावीत.

नंतरचा इतिहास थोडक्यात. १९७५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी धड होत नाही म्हणून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. विषय आला, पुस्तक आले, गुण आले आणि पाठोपाठ दुकानात तयार प्रकल्पही आले. सेवाग्रामला बंद पडलेली शाळा 'आनंद निकेतन' या नावाने २००५ साली पुन्हा सुरू झाली. केंद्र सरकारने पोषण आहाराला जोडून शाळांत परसबागा करण्याच्या सूचना २०१९ साली काढल्या, म्हणजे शाळेला जमीन जोडण्याचा शुक्लांचा विचार ऐंशी वर्षांनी, लहान रूपात आणि नाव बदलून, पुन्हा दारात आला आहे.

परसबाग करायची तर खत लागणार, आणि खताची अडचण आपण वर पाहिली तीच: ढिगाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक जुळत नाही. पानगळ होते जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा ढीग लावला तर दुसऱ्या पालटीनंतर परीक्षा आणि मग मे महिना. पाण्यावाचून ढीग कोरडा पडतो. इंदूरला हॉवर्ड आणि वाड यांच्यापुढेही हाच पेच होता, कारण वाळला काडीकचरा एका ऋतूत मिळे आणि हिरवे तण दुसऱ्या. त्यांनी कोरडा माल रचून ठेवला आणि हिरवा मिळाला तेव्हा दोन्ही मिसळले. शाळेलाही तसे करता येते. पानगळीतला पाला न जाळता पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. पावसाळ्यात आवारात टाकळा माजतो (विदर्भात त्याला तरोटा म्हणतात). तो शेंगा धरण्यापूर्वी, ऑगस्टच्या अखेरीस मुळासकट उपटावा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोरडा पाला, हा टाकळा आणि मिळेल तेवढे शेण यांचा, जमिनीवरच, निदान मीटरभर उंचीचा ढीग लावावा. पहिली पालट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दिवाळीची सुटी बहुतेक वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या पालटीच्या मधे पडते, आणि त्या काळात ढिगाला आपल्याकडून काही नको असते. शाळा उघडल्यावर नोव्हेंबरात तिसरी पालट करावी. डिसेंबरात खत हाताला भुसभुशीत लागते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हिवाळी मेथी आणि पालकाला ते तेव्हाच देता येते.

तापमानाची नोंद रोज ठराविक वेळी, ढिगाच्या मध्यापर्यंत तापमापी खुपसून करावी. साधा प्रयोगशाळेतला तापमापी चालतो. तो फुटू नये म्हणून आधी काठीने भोक पाडून घ्यावे, आणि पाऱ्याचा न वापरता लाल द्रवाचा वापरावा. आलेख पहिल्या आठवड्यात झपाट्याने चढतो, मग उतरू लागतो, पालट केल्यावर पुन्हा चढतो, पण आधीच्या उंचीपर्यंत बहुधा जात नाही. का जात नाही, हे मुलांना विचारून पाहावे.